डायलिसिस नुकतंच सुरू झालंय? मग हे वाचा

दादा, सुरुवातीचे महिने जड जातात, हे आधीच सांगते. आठवड्यातून तीनदा, दर वेळी साधारण चार तास. घरी आलं की अंगात त्राण उरत नाही. त्या दिवशी सरळ झोपा. मधले दिवस मात्र आजाराला देऊ नका. नोकरी झेपत असेल तर सोडू नका, अर्धवेळ का होईना.

फिस्टुलाचा हात, म्हणजे डायलिसिससाठी ऑपरेशन करून शीर आणि धमनी जोडलेला हात, जिवापाड जपा. रोज सकाळी बोटं ठेवून थरथर जाणवते का बघा. नाही जाणवली तर लगेच सेंटर गाठा. त्या हाताला बीपीचा पट्टा नाही, रक्तासाठी सुई नाही. समोर कोणीही असो, ठणकावून सांगा.

तहान फार छळते. मीठ कमी केलं की ती आटोक्यात येते, म्हणून लोणचं-पापड बंद. भेटायला येणारे प्रेमाने शहाळं आणतात, तेही नको, पोटॅशियम वाढतं.

मन खचलं तर शेजारच्या बेडवरच्या माणसाशी बोला. घरच्यांना कितीही वाटलं तरी जे कळत नाही, ते त्याला कळतं.

आणि खर्चाचं ओझं एकट्याने वाहू नका. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिस बसतं. रेशनकार्ड घेऊन योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला, म्हणजे तिथल्या योजनेच्या मदतनीसाला, भेटा.