रोबोकॉनचे जुने खेळ: माझा क्रम

विद्यार्थ्यांच्या रोबोटिक्स स्पर्धांमधले आजवरचे कोणते खेळ सगळ्यात आवडले आणि त्यांचा क्रम कसा लावाल, असं तुम्ही विचारलंय. मी एबीयू रोबोकॉनपुरतंच सांगतो (एबीयू म्हणजे आशिया-पॅसिफिकमधल्या प्रसारण संस्थांचा संघ, त्यांची ही कॉलेजच्या मुलांची रोबो-स्पर्धा), कारण कॉलेजची वर्षं मी त्यातच घालवली. दरवर्षी यजमान देश नवा खेळ काढतो. आपल्याकडची राष्ट्रीय फेरी दूरदर्शन घेतं आणि आमच्या वेळी ती पुण्यात बालेवाडीला व्हायची.

पहिला नंबर २०१६चा, बँकॉकचा. विषय होता स्वच्छ ऊर्जा. दोन रोबोंपैकी 'इको' रोबोला चालण्यासाठी मोटर लावायला बंदी. त्याच्याकडे फक्त दिशा वळवण्याची सोय. दुसऱ्या, 'हायब्रिड' रोबोनं त्याला हात न लावता टेकड्या, नदी आणि उतार पार करवायचे. मग त्याच्याकडचं पवनचक्कीचं पातं घेऊन खांबावर चढायचं आणि ते वर बसवायचं. हा नियम वाचला त्या रात्री आमच्या वर्कशॉपमध्ये कुणी घरी गेलं नाही. काहींनी चुंबकाचा विचार केला, आम्ही वाऱ्याचा. सरळ रस्त्यावर इको मस्त पळायचा, पण वळणावर त्याचं सपाट शीड वाऱ्याला आडवं यायचं नाही आणि तो जागीच थांबायचा. दोन आठवडे आम्ही पंख्याची ताकद वाढवत बसलो. शेवटी एका ज्युनियरनं दोन पुठ्ठे एकमेकांत काटकोनात अडकवून ठेवले. वारा कुठूनही आला तरी एक पुठ्ठा तो धरायचाच. ॲल्युमिनियमची चौकट काढून वजनही उतरवलं आणि चढ पहिल्यांदा पार झाला. एका नियमानं इतका विचार करायला लावला, म्हणून हा खेळ माझ्यासाठी सगळ्यांच्या वर.

दुसरा २०१९चा, उलानबातरचा 'ग्रेट उर्तू'. मंगोलियात घोडेस्वार टप्प्याटप्प्यानं निरोप पोचवायचे, त्यावर बेतलेला. दुसऱ्या रोबोला चाकं चालत नाहीत, चार पायांवरच चालायचं. डोंगरावर पोचून त्यानं 'गेरेगे', म्हणजे निरोप्याची ओळखपट्टी, उंचावलं की 'ऊखाई!' म्हणजे थेट विजय. तोवर माझं कॉलेज संपलं होतं. ज्युनियरांच्या रोबोचे पाय एकदा नीट पडायला लागले तेव्हा व्हिडिओ कॉलवर मी अक्षरशः ओरडलो. चाकांचा रोबो कुणीही पटकन उभा करतो, पण चार पायांचा तोल सांभाळणं फार वेगळं काम आहे.

तिसरी २०२२ची, दिल्लीची लगोरी. खरं सांगायचं तर मन हिलाच पहिला नंबर द्यायला सांगतं. एका संघानं चेंडूनं लगोरी फोडायची आणि परत रचायची. रचणाऱ्या रोबोच्या डोक्यावर एक चेंडू असतो, समोरच्यानं तो नेम धरून पाडायचा. माझ्या आईला रोबोकॉनचा एकही खेळ कधी समजावून सांगता आला नव्हता, हा तिनं मलाच समजावला.

मग २०१४चा, पालकत्वाला सलाम. आंतरराष्ट्रीय स्पर्धा पुण्यातच होती. मी पहिल्या वर्षाला होतो आणि बालेवाडीच्या गॅलरीत बसून पाहिली. पालक रोबो बाळ रोबोला सी-सॉवर बसवतो, झोका देतो, बाळ जंगल जिमवर चढतं आणि सगळं जमलं की 'शाब्बास'! त्या वर्षी व्हिएतनाम जिंकलं. खेळ गोड होता, पण ही कामं सुटी सुटी वाटत होती, म्हणून चौथा.

२०१७चा जपानचा तबकड्या फेकायचा खेळ पाचवा. दिसायला सुंदर, पण एकदा फेकयंत्र बसलं की पुढे सगळा अचूकतेचा सराव. २००८चा गोविंदा, म्हणजे आपली दहीहंडी, पुण्यातच झाली. तेव्हा मी शाळेत होतो आणि तो प्रत्यक्ष पाहिलेला नाही, म्हणून क्रमात धरलेला नाही. तुमच्यापैकी कुणी त्या वर्षी मैदानात उतरलं असेल तर खाली नक्की लिहा, मला त्या रोबोंबद्दल ऐकायचंय.