आधी हिशेबाची वही उघड

प्रिय मित्रा,

वेस्ट ऑकलंड टाउनचा इतिहास लिहायला घेतलास, मनापासून आनंद झाला. आराखडा वाचला. इंग्लंडच्या डरहॅम परगण्यातल्या या खाणकामगारांच्या फुटबॉल क्लबची गोष्ट तू १९०९ च्या तुरीनमधल्या विजयापासून सुरू केली आहेस. ते बदल. पैशापासून सुरू कर.

चहाचे व्यापारी सर थॉमस लिप्टन यांच्या नावाचा, इटलीत खेळला जाणारा करंडक त्यांनी दोनदा जिंकला. १९०९ ला अंतिम सामन्यात विंटरथूरला २-० ने हरवलं, १९११ ला युव्हेंटसचा ६-१ असा धुव्वा उडवला. पण इटलीवारीचा खर्च क्लबला झेपला नाही. कर्ज झालं, आणि तोच करंडक गावातल्या व्हीटशीफ हॉटेलच्या मालकिणीकडे ४० पौंडांना गहाण पडला. सोडवायला १९६० उजाडलं, मोजावे लागले १०० पौंड! तुझ्या लिखाणाचा गाभा इथे आहे.

दर हंगामाला एक पान कर. रकाने चार: गेटची जमा, मैदानाचं भाडं, प्रवासखर्च, खेळाडूंचं मानधन. चौथा रकाना वर्षानुवर्षं कोरा दिसला, तरी पैसे दिलेच नाहीत असं धरून चालू नकोस. १९७४ पर्यंत इंग्लंडमध्ये खेळाडू कागदावर हौशी किंवा व्यावसायिक असे. हौशी म्हणवणाऱ्या कित्येक संघांत खर्चाच्या नावाखाली रोख रक्कम हातावर ठेवली जाई. म्हणून प्रवासखर्चाचा आकडा त्या काळच्या रेल्वेभाड्याशी ताडून बघ. फार तफावत दिसली तर पेन्सिलने खूण कर. निष्कर्ष मात्र दुसरा पुरावा हाती आल्यावरच.

वर्तमानपत्रं चाळताना नुसतं 'ऑकलंड' शोधलंस तर शेजारच्या गावचा बिशप ऑकलंड क्लब पुढ्यात येईल. हौशी चषक, म्हणजे इंग्लंडमधल्या हौशी संघांची मुख्य स्पर्धा, दहा वेळा जिंकलेला संघ तो, त्याच्या बातम्या ढिगाने आहेत. 'टाउन' हा शब्द नंतर जोडला गेला, म्हणून तो वगळूनही शोध. शनिवार संध्याकाळचे अंक घाईत छापले जात, तेव्हा गोलसंख्या सोमवारच्या अंकाशी पडताळ. बातमीत खेळाडूचं फक्त आडनाव असतं; वय आणि धंदा १९११ च्या जनगणनेत शोध. एकाच आडनावाचे दोघे निघाले तर अंदाजाने एकाला निवडू नकोस, दोघांचीही नोंद ठेव.

लिप्टनच्या माणसांना स्पर्धेसाठी वूलिच आर्सेनल हा लंडनचा नामांकित संघ हवा होता आणि 'डब्ल्यू. ए.' या आद्याक्षरांमुळे घोटाळा झाला, ही गावातली लाडकी आख्यायिका. जरूर लिही, पण आख्यायिका म्हणूनच. पुरावा नाही. लिप्टन करंडकाचं 'पहिला विश्वचषक' हे बिरुदही क्लबचा दावा म्हणून दे. तशी स्पर्धा १९०८ लाही इटलीत झाली होती.

१९६१ चा हौशी चषकाचा अंतिम सामना, २०१२ आणि २०१४ चे एफए व्हाजचे (खालच्या स्तरातल्या क्लबांची स्पर्धा), तिन्ही वेम्बलीवरचे, तिन्ही हरलेले. त्यांना एक प्रकरण पुरे.

आणि छायाचित्रांच्या ओळी नीट तपास. मूळ करंडक जानेवारी १९९४ मध्ये चोरीला गेला. त्यानंतरच्या प्रत्येक फोटोत दिसते ती प्रतिकृती.

तुझा,
काका