शॉटगन सर्टिफिकेट संपत आलंय, पोलिसांकडून उत्तर नाही. बंदूक घरात ठेवू का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही इंग्लंडमध्ये राहता, क्ले शूटिंग (हवेत उडवलेल्या चकत्यांवर नेमबाजी) करता, शॉटगनचं सर्टिफिकेट, म्हणजे पोलिसांचा परवाना, संपायला पाच आठवडे उरलेत. रिन्यूअलचा अर्ज दहा दिवसांपूर्वी टाकला, पोच आली, पुढे सामसूम. नवीन सर्टिफिकेट वेळेत आलं नाही तर बंदूक घरात ठेवता येईल का? शिवाय क्लबातल्या मित्राचं सर्टिफिकेट 'सस्पेंड' झालंय, तसं तुमचंही होईल का?

कडू ते आधी सांगतो. नाही, ठेवता येणार नाही. सर्टिफिकेटवर छापलेली शेवटची तारीख उलटली की त्याच घरातली, त्याच कपाटातली, कुलूपबंद बंदूक बेकायदा होते. अर्ज पोलिसांच्या टेबलावर पडून आहे ही सबब १९६८च्या फायरआर्म्स ॲक्टपुढे चालत नाही. उशीर त्यांचा आणि गुन्हा तुमचा, असा उरफाटा हिशेब आहे.

याला एक पळवाट आहे, पण तुमची ती थोडक्यात हुकली. २०१७च्या पोलिसिंग अँड क्राइम ॲक्टने अशी सोय केली की मुदत संपायच्या किमान आठ आठवडे आधी अर्ज पोलिसांकडे पोचला असेल आणि तरी निर्णय झाला नसेल, तर जुनं सर्टिफिकेट आपोआप जास्तीत जास्त आठ आठवडे पुढे चालतं. तुमचा अर्ज गेला साडेसहा आठवड्यांच्या आसपास. पोलिसांकडून आठवणीचं पत्र उशिरा आलं असेल किंवा आलंच नसेल, तरी तारीख लक्षात ठेवायची जबाबदारी आपलीच धरतात.

आता तुमच्यापुढे तीन मार्ग आहेत. पहिला म्हणजे फायरआर्म्स ॲक्टच्या कलम ७ चं तात्पुरतं परमिट. पोलिसांच्या लायसन्सिंग विभागाला ईमेल करा: सर्टिफिकेट नंबर, अर्जाची तारीख, मुदत संपायची तारीख, आणि सरळ एक वाक्य की निर्णय त्याआधी होणार नसेल तर कलम ७ चं परमिट द्यावं. फोनही करा, पण कागद असू द्या. परमिट देणं न देणं त्यांच्या हातात आहे, हक्क म्हणून मागता येत नाही. मिळालं तर त्यावरच्या अटी आणि तारीख नीट वाचा. या परमिटावर हातातली बंदूक बाळगता येते, नवीन घ्यायचा विचार तेवढ्यापुरता सोडून द्या. दुसरा मार्ग, बंदुकांच्या नोंदणीकृत डीलरकडे बंदूक ठेवायला देणं. तिसरा, ज्याचं सर्टिफिकेट चालू आहे आणि ज्याच्या कपाटात जागा आहे अशा मित्राच्या नावावर रीतसर हस्तांतर करणं. शॉटगन ७२ तासांपेक्षा जास्त दुसऱ्याकडे राहणार असेल तर दोघांनी सात दिवसांच्या आत पोलिसांना कळवावं लागतं, हे विसरू नका. मला विचाराल तर डीलर बरा. मैत्रीत कागदपत्रं आणली की चहाची चव जाते.

मी स्वतः यातून गेलोय, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मी शहाणपणा करून पाच महिने आधी सुरुवात केली होती. नोव्हेंबर २०२१ पासून डॉक्टरकडून आलेली वैद्यकीय माहिती असल्याशिवाय पोलीस सर्टिफिकेट देत नाहीत. म्हणून जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, फॉर्म दिला. सहा आठवडे तो तिथे पडून होता. चौकशी केली तर म्हणे, नाव जुळत नाही. पासपोर्टवर माझं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, असं आपलं नेहमीचं तिपेडी प्रकरण. जीपीच्या रेकॉर्डमध्ये वडील गायब. आयुष्यभर प्रत्येक फॉर्मवर वडिलांचं नाव लिहीत आलेला माणूस मी, आणि ते कुठेतरी एका संगणकावर नव्हतं म्हणून फॉर्म अडकला. ते निस्तरलं तेव्हा डॉक्टरांना जुनी एक नोंद दिसली. वडील गेले त्या वर्षी मला झोप लागत नव्हती, दोन आठवडे गोळ्या घेतल्या होत्या. मी फॉर्मवर ते लिहिलं होतं, म्हणून नुसता एक फोन आला आणि विषय मिटला. लिहिलं नसतं तर लपवल्यासारखं दिसलं असतं, आणि सर्टिफिकेट मिळवण्यासाठी जाणूनबुजून खोटी माहिती देणं हा वेगळाच गुन्हा आहे. तेव्हा असलं काही असेल तर लिहून टाका. नैराश्य, गोळ्या, समुपदेशन यांमुळे सर्टिफिकेट आपोआप जात नाही.

एवढं होऊन अर्ज गेला तो मुदतीच्या नऊ आठवडे आधी. म्हणजे आठ आठवड्यांच्या नियमात जेमतेम बसलो. मुदत संपली, वाढीव आठ आठवडे सुरू झाले. काडतुसं आणायला गेलो तर दुकानदाराने सर्टिफिकेटवरची तारीख बघून मान हलवली. मी कायद्याचं कलम सांगितलं, तो म्हणाला पोलिसांचं पत्र आणा. त्याचंही चूक नव्हतं. त्यामुळे वाढीव मुदत मिळाली असं पोलिसांकडून लेखी घेऊन ठेवायचं, हे तेव्हा कळलं.

वाढीव मुदतीचा शेवटचा शुक्रवार उजाडला तरी काही नाही. दुनळी लांब पिशवीत घातली, गाडीच्या डिकीत ठेवली, वाटेत कुठेही न थांबता डीलरकडे गेलो. त्याने दुनळी उघडली, दोन्ही नळ्या उजेडाकडे धरून आत पाहिलं, नंबर मोठ्याने वाचला. मी माझ्या कागदाशी जुळवला. मग त्याने तो आपल्या जाड नोंदवहीत उतरवून घेतला, दस्ताच्या लाकडावर असलेला बारीक ओरखडासुद्धा लिहिला आणि पावती दिली. दुपारी मी पोलिसांना ईमेल केला की बंदूक अमुक ठिकाणी आहे. घरी आल्यावर बायकोने विचारलं, ''आता तरी त्या किल्लीची जागा सांगणार का?'' (इथे कपाटाची किल्ली कुठे असते हे घरातल्या दुसऱ्या कुणाला ठाऊक असता कामा नये. तुम्हीही सांगितली असेल तर जागा बदला.)

थोडं अपमानास्पद वाटतं, हे मान्य. पण आपल्याकडे निवडणूक आली की परवानाधारक बंदुका ठाण्यात जमा करतातच की. त्यात कुणी गुन्हेगार ठरत नाही. तसंच समजा.

मधल्या काळात शूटिंग बंद करायची गरज नाही. ज्या मैदानाला पोलिसांची त्याच ॲक्टच्या कलम ११(६) खालची मान्यता आहे तिथे, ठरलेल्या वेळी, सर्टिफिकेट नसलेल्या माणसालाही क्लबाची बंदूक घेऊन क्ले मारता येतात. मी पाच आठवडे तेच केलं. बंदूक परकी, त्यामुळे निकालही परकाच.

आता 'सस्पेंड'बद्दल. हा शब्द लोक दोन-तीन वेगळ्या गोष्टींना वापरतात. एक म्हणजे पोलीस दल नव्या अर्जांना काही काळ स्थगिती देतं. कोविडमध्ये हे बऱ्याच ठिकाणी झालं, नंतरही झालंय. त्याचा फटका पहिल्यांदा अर्ज करणाऱ्यांना बसतो. माणसं आधी रिन्यूअलच्या कामाला लावावीत हाच सहसा त्यामागचा हेतू असतो, म्हणून तुम्ही त्यात अडकू नये. दुसरी गोष्ट तुमच्या मित्राची. एखाद्याचं सर्टिफिकेट सस्पेंड करायचा अधिकार इंग्लंड-वेल्सच्या कायद्यात नाही. एकतर ते रद्द होतं, नाहीतर चालू असतं. रद्द झालं तर लेखी नोटीस येते आणि २१ दिवसांत क्राउन कोर्टात अपील करता येतं. पण पुष्कळदा चौकशी चालू असताना अधिकारी घरी येऊन म्हणतात, तोवर बंदुका स्वखुशीने आमच्याकडे द्या. मित्राचं बहुतेक हेच झालंय. त्याला सांगा, प्रत्येक बंदुकीचा नंबर आणि स्थिती लिहिलेली पावती घेतली का बघ, आणि कशावर सही केली ते पुन्हा वाच. सर्टिफिकेटच परत करतो असं लिहून दिलं असेल तर गोष्ट वेगळी होते. बीएएससी या नेमबाजांच्या संघटनेचा सभासद असेल तर त्यांच्या फायरआर्म्स टीमला आधी फोन करायला सांगा, हे काम ते रोज करतात.

आणि पोलीस इतके का दबकतात, तेही समजून घ्या. प्लिमथमध्ये एका तरुणाने मारहाण केल्यावर डिसेंबर २०२०मध्ये त्याची शॉटगन आणि सर्टिफिकेट काढून घेतलं होतं. जुलै २०२१मध्ये दोन्ही परत दिलं. १२ ऑगस्टला त्याने त्याच बंदुकीने पाच जणांना मारलं, त्यात त्याची आई होती आणि तीन वर्षांची एक मुलगी होती. डेव्हन अँड कॉर्नवॉल पोलिसांच्या कारभाराचे वाभाडे २०२३च्या इन्क्वेस्टमध्ये (मृत्यूंच्या अधिकृत चौकशीत) निघाले. त्यानंतर सर्टिफिकेटवर सही करणाऱ्या प्रत्येक माणसाच्या मनात प्लिमथ हे नाव असणार. मला ते पटतं. न पटणारी गोष्ट अशी की ४३ दलं, प्रत्येकाची आपापली पद्धत, शेजारच्या काउंटीत सहा आठवड्यांत काम होतं आणि आपल्याकडे सहा महिने. फेब्रुवारी २०२५पासून शॉटगन रिन्यूअलची फी ४९ पौंडांवरून १२६ झाली. एवढे पैसे घेतल्यावर निदान फाईल कुठे आहे हे तरी सांगावं.

नुसत्या उशिरावर अपील नसतं, कारण निर्णयच झालेला नसतो. लेखी तक्रार करता येते, आणि खासदाराला पत्र लिहिता येतं. माझ्या खासदाराच्या ऑफिसातून पत्र गेल्यावर नऊ दिवसांत अधिकारी घरी आला. योगायोगही असेल. त्याने रिकामं कपाट हलवून पाहिलं, भिंतीतले बोल्ट तपासले, वीस मिनिटांत गेला.

आज ईमेल टाका, आणि डीलरकडे जागा आहे का तेही आजच विचारा, कारण मुदत संपायच्या आठवड्यात त्याचंही कपाट भरलेलं असू शकतं. बंदूक तारखेच्या आधी हलवायची, त्या दिवशी रात्री नाही. आणि सर्टिफिकेट आलं की पाकीट फोडून आधी नाव वाचा. माझ्या नव्यावर वडील दोनदा छापले होते.