हवामानबदलाचे एकमेकांत गुंतलेले नियम छोट्या कारखान्यांसाठी सोपे कसे करता येतील?

बहुतेक जण म्हणतील, नियम कमी करा. मला ते पटत नाही. चार नियम असू देत, पण चौघांनी माझ्याकडे एकाच मापाचा आकडा मागावा.

भोसरीत आमचा बोल्ट-स्टडचा कारखाना आहे, कागदपत्रं मी बघते. प्रदूषण मंडळाच्या फॉर्म ५ मध्ये उत्पादन आणि कच्चा माल एप्रिल ते मार्च या हिशोबाने ३० सप्टेंबरच्या आत भरायचा. गाड्या बनवणारे आमचे ग्राहक शेअर बाजारात नोंदलेले, त्यांना सेबीचा बीआरएसआर, म्हणजे पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल द्यावा लागतो. म्हणून त्यांची प्रश्नावली येते आणि तिथे वीज गिगाज्यूलमध्ये लागते. १ ऑक्टोबर २०२३ पासून त्यात युरोपच्या सीबॅमची, म्हणजे आयात मालाच्या कार्बनवर पैसे लावणाऱ्या नियमाची भर पडली. तिथे टनामागे किती कार्बन (म्हणजे कार्बन डायऑक्साइडचं उत्सर्जन) ते सांगायचं, तेही २०२५ अखेरपर्यंत जानेवारी-मार्च अशा तिमाहीने.

जर्मन ग्राहकाची ती एक्सेल फाइल आली तेव्हा भावजी म्हणाले, "युरोपने दिलेले ठोकळ आकडे टाक आणि मोकळी हो." तशी मुभा ३१ जुलै २०२४ पर्यंत होतीही. मी ऐकलं नाही. हेडिंग, थ्रेड रोलिंग, भट्टी, सगळ्यांचे मीटर वाचून हिशोब मांडला, तेव्हा कळलं की आमच्या शेडमधला कार्बन किरकोळ आहे. बोल्टचा बहुतेक कार्बन वायर रॉडबरोबरच, म्हणजे ज्या पोलादी सळईपासून बोल्ट बनतो तिच्याबरोबरच येतो आणि ते पोलाद ब्लास्ट फर्नेसचं, म्हणजे कोळशावर खनिज वितळवून केलेलं आहे की भंगार वितळवून केलेलं, यावर सगळं अवलंबून.

तो आकडा पोलाद कंपनीकडून मिळवताना माझा जीव मेटाकुटीला आला. मेल केले, फोन केले, शेवटी डिस्पॅचच्या माणसाला गाठलं. मोठे पोलाद कारखाने २०१२ पासून पॅट या ऊर्जाबचतीच्या सरकारी योजनेत ऊर्जेचा तपासलेला हिशोब ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोला देत आलेत, पण टन तेल समतुल्य या मापात, आणि तो माझ्यापर्यंत पोहोचायची वाटच नाही. प्रत्येक कॉइलबरोबर हीट नंबर (पोलादाच्या त्या घाण्याचा क्रमांक) घातलेलं टेस्ट सर्टिफिकेट येतंच ना? त्यावरच टनामागे किती उत्सर्जन, ही एक ओळ छापायची सक्ती करा. माझं निम्मं काम तिथेच संपेल.

सरकारला हे जमणार नाही असं कुणी म्हणू नये. ब्रिटनने सीआरसी ही कंपन्यांच्या ऊर्जावापरावरची कार्बन योजना २०१९ मध्ये गुंडाळली, तिचा महसूल हवामान कर वाढवून भरून काढला आणि त्याच वर्षी एप्रिलपासून ऊर्जेचा अहवाल कंपनीच्या वार्षिक अहवालातच द्यायला लावला. युरोपनेही २०२५ मध्ये वर्षाला ५० टनांपर्यंत माल आणणाऱ्या आयातदाराला सीबॅममधून सूट दिली. आमचा ग्राहक त्याच्या कितीतरी वर आहे, त्यामुळे आम्हाला उपयोग शून्य. आपल्याकडे २०२३ ची कार्बन क्रेडिट योजना पॅटमधले उद्योग आपल्यात घेते आहे. तिथे एकदा तपासलेला आकडा सेबीपासून सीबॅमपर्यंत सगळीकडे चालला पाहिजे.

तोवर तुम्ही एक करा: दर फॉर्मला वेगळा कन्सल्टंट नेमू नका. भावजींच्या आग्रहाने आम्ही नेमले होते. एकाने बिलाची तारीख धरली, दुसऱ्याने कॅलेंडरचा महिना, तिसऱ्याने जनरेटरचं डिझेलच सोडलं. एकाच कारखान्याचे तीन हिशोब झाले, आणि त्यावरून ग्राहकाच्या ऑडिटरने विचारलेल्या प्रश्नांना तोंड मला द्यावं लागलं. आता दर महिन्याच्या एक तारखेला सकाळी सगळे मीटर मी एकाच नोंदवहीत उतरवते. एप्रिल-मार्च हवं की जानेवारी-डिसेंबर, बेरीज तिथूनच निघते. भावजी याला अजून कारकुनी म्हणतात. ऑर्डर टिकली ती या कारकुनीमुळे, हे त्यांनी एकदा मान्य करावं.

हो, एक राहिलं. तुमचा माल युरोपात जात नसेल आणि ग्राहकही लिस्टेड नसतील, तर यातलं बहुतेक काही तुम्हाला आज लागू नाही. आणि जानेवारी २०२६ पासून सीबॅमचा पक्का टप्पा सुरू झालाय. त्यात लोखंड-पोलादाच्या मालावर पैसे मोजताना विजेचं उत्सर्जन धरत नाहीत, तेव्हा जुनी फाइल तशीच पुढे पाठवू नका, आधी ग्राहकाला विचारा.