सायकलिंगचा अनुभव नसलेली आमची टीम सिकलसेलसाठी वर्धा ते हेमलकसा सायकल फेरी पूर्ण करू शकेल का?

करू शकेल, पण रोजचे किलोमीटर कमी करा. तुम्ही लिहिलंय की गावातल्या मित्रांची टीम आहे, सायकली साध्या आहेत, सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या रुग्णांसाठी पैसे उभे करायचे आहेत आणि डिसेंबरात निघून रोज शंभर किलोमीटर मारायचा बेत आहे. आमची टीम याच कामासाठी याच वाटेनं गेली आणि सगळे जण हेमलकशाला पोचले. हिंगणघाट, वरोरा, चंद्रपूर, मूल, गडचिरोली, चामोर्शी, आष्टी, आलापल्ली अशी आमची वाट होती. तेव्हा खात्रीनं सांगतो, पन्नास-साठ किलोमीटर पुरे.

शंभर किलोमीटर तुमचे पाय कदाचित ओढतील, पण मग ज्यांच्यासाठी निघालात त्यांच्याशी बोलायला वेळ कुठून आणाल? डिसेंबरात दिवस लहान असतो. चंद्रपूर ते मूल रस्ता जंगलातून जातो, वाघाचा भाग आहे. तिथं चांगलं उजाडल्याशिवाय निघू नका आणि दिवस कलायच्या आत मुक्कामी पोचा. उरलेल्या वेळात जेवण, पंक्चर, आराम आणि निदान दोन गावांच्या भेटी बसवायच्या आहेत. एका गावाला तास-दीड तास लागतोच.

आणि तोच वेळ सगळ्यात मोलाचा. मूल आणि गडचिरोलीच्या मधे सावली गाव आहे, त्याच्या अलीकडे एका खेड्यात धानाची मळणी चालू होती. आम्ही पाणी प्यायला थांबलो तर खळ्यावरच्या बाया जवळ आल्या. ‘‘इतक्या दुरून सायकलीनं? कायले जी?’’ सिकलसेल म्हटल्यावर एक जण गप्प झाली. थोड्या वेळानं म्हणाली, ‘‘पोराचे हातपाय लय दुखते. आमी म्हनो थंडीनं दुखते.’’ थंडीनं दुखणं वाढतं हे खरंच आहे, पण मुलाची तपासणी झालेली नव्हती. आमच्यासोबतच्या नर्सताईंनी तिथंच बसून समजावलं: हा आजार आईवडिलांकडून येतो, शिवाशिवीनं पसरत नाही. दोघंही वाहक असतील, म्हणजे स्वतःला आजार नसून तो पुढच्या पिढीला देऊ शकणारे असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के आणि नुसतं वाहक होण्याची 50 टक्के. म्हणून लग्नाआधी रक्त तपासायचं. गावच्या आशाताईंनाही बोलावून घेतलं आणि पोराला आरोग्य केंद्रात न्यायचं त्याच ठिकाणी ठरलं. शंभर किलोमीटरच्या घाईत हे घडलं नसतं.

निघण्याआधी टीममधल्या प्रत्येकाची सिकलसेल तपासणी करून घ्या, ही माझी कळकळीची विनंती आहे. आपल्या भागात ते कुणातही निघू शकतं. आजार असेल तर अतिश्रम, अंगातलं पाणी कमी होणं आणि थंडी यांनी वेदनेचा झटका येऊ शकतो, म्हणून अशा मित्राला सायकलीवर न बसवता सोबतच्या गाडीत व्यवस्थेचं काम द्या. वाहक साधारणपणे ठणठणीत असतो, तरी त्यानं डॉक्टरांना विचारूनच चालवावं आणि पाण्यात हयगय करू नये. एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे सगळ्यांनीच तोंडपाठ करून ठेवा.

वेग सगळ्यात हळू चालवणाऱ्याचा ठेवा आणि त्याला पुढे चालवा. पंक्चर काढता येणारा माणूस शेवटी. शेताच्या कडेला सायकल उतरवली की सराटे टायरमध्ये घुसतात, तेव्हा जादा ट्यूबा, पंप आणि सोल्यूशन त्याच्याजवळच हवं. आष्टी ते आलापल्ली या भागात सूरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक धावतात. तिथं एका ओळीत चाला, गप्पा बंद.

मुक्कामाबद्दल एक सांगतो. झाडीपट्टीत, म्हणजे आपल्या या पूर्व विदर्भाच्या भागात, हिवाळा म्हणजे नाटकांचा हंगाम, आणि नाटक पहाटेपर्यंत चालतं. ज्या गावात त्या रात्री नाटकाचा मंडप उभा आहे तिथं झोपायची आशा ठेवू नका, पुढचं गाव पाहा. मला ती नाटकं फार आवडतात, पण फेरी संपल्यावर बघा.

पैशांचं काम सायकल काढायच्या आधीच उरका. देणगी थेट नोंदणीकृत संस्थेच्या खात्यात जाऊ द्या, पावती देणाऱ्याच्या नावानं निघू द्या. तुमच्या जेवणखाणाचा, गाडीच्या डिझेलचा खर्च टीमनं खिशातून करायचा, देणगीतला रुपया त्याला लावायचा नाही. गावात डबा फिरवू नका. भाकर-भाजी प्रेमानं वाढली तर जेवा, पण आधीपासून कुणावर जेवणावळ लादू नका, मळणीच्या दिवसांत तर नाहीच.

वरोऱ्याला वयस्कर माणसं तुम्हाला बाबा आमट्यांच्या भारत जोडोबद्दल सांगतील. 1985 च्या डिसेंबरात ते तरुणांच्या सायकली घेऊन कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाले होते, पाठीच्या दुखण्यामुळे बसता येत नसताना. त्या माणसांजवळ थोडं थांबा. त्यांच्यातले काही जण तुम्हाला पुढच्या गावात ओळख काढून देतील, आणि गडचिरोलीच्या आतल्या भागात ओळखीच्या माणसाचा एक फोन फार कामाचा असतो, कारण पुढे रेंज जाते.

परतीचं आत्ताच ठरवा. एसटीत इतक्या सायकली बसत नाहीत, म्हणून टेम्पो आधीच सांगून ठेवा आणि सायकली बांधायला दोरी, जुनी पोती सोबत घ्या. मार्ग पक्का झाला की इथंच लिहा. सावली आणि चामोर्शीकडे शाळेत मुक्कामाची सोय कुणाला विचारायची ते मी सांगेन.