तत्त्वज्ञान घेतलेल्या मुलीच्या वडिलांना

नमस्कार. वाई तालुक्यातून लिहिलेलं तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगी बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे, तिनं तत्त्वज्ञान मेजर घेतलंय आणि तुमची झोप उडालीय. शेजारचा मुलगा याच विषयात एमए करून सहा वर्षं घरी बसलाय, म्हणून या विषयाला भविष्य नाही, असं तुम्ही लिहिलंत. यावर ती म्हणाली, "बाबा, तो विषयामुळे बसलाय की आणखी कशामुळे, हे एकावरून कसं ठरवणार?" तुम्हाला ते उलट उत्तर वाटलं.

मला त्या उत्तरात तिचं शिक्षण दिसतं.

न्यायदर्शनात, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या तर्कशास्त्रात, एक दाखला आहे. धूर दिसला की तिथे विस्तव असणार, हे बरोबर. पण विस्तव आहे म्हणजे धूर असणारच, हे चूक. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात विस्तव असतो, धूर नसतो. धूर निघायला लाकूड ओलं लागतं. चुलीपुढे बसणाऱ्या कुणालाही हे ठाऊक असतं. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे अभ्यासक, या ओल्या लाकडाला 'उपाधी' म्हणतात: नजरेआड राहिलेली अट. तुमच्या मुलीनं तुम्हाला तेच विचारलं: इथे ओलं लाकूड कोणतं?

माझ्याकडे आलेल्या मुलांवरून सांगतो, बहुतेक वेळा ते एकच असतं. एमए झालं की प्राध्यापक व्हायचं, दुसरं काही नाही, असं धरून बसणं. कायम जागा थोड्या आणि भरती रखडलेली. मग सीएचबीवर, तासिकांच्या मानधनावर, वर्षामागून वर्षं जातात. तुमची भीती खोटी नाही. पण ती विषयाची नसून एकाच दारापुढे उभं राहण्याची आहे.

तिच्यासाठी मी पहिलं नाव घेईन कायद्याचं. कोणत्याही शाखेच्या पदवीनंतर तीन वर्षांचं एलएलबी करता येतं. त्यासाठी राज्याची सीईटी ही प्रवेश परीक्षा असते, खुल्या प्रवर्गाला पदवीला 45 टक्के लागतात. त्या सीईटीत तर्कावर वेगळा विभाग असतो, तिथे तिला शून्यापासून सुरुवात करावी लागणार नाही. आणि उलटतपासणी म्हणजे काय? साक्षीदार म्हणतो, अमुक झालं म्हणजे तमुक झालंच असणार. वकील त्या 'म्हणजे'वर बोट ठेवतो. तिनं घरात तुमच्या वाक्यावर तसंच बोट ठेवलं. सुरुवातीची काही वर्षं ज्युनियर म्हणून पैसा कमी मिळतो, ही तयारी मात्र घरानं ठेवायला हवी.

स्पर्धा परीक्षांचं तुम्ही विचारलंय. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत तत्त्वज्ञान वैकल्पिक विषय आहे, 250 गुणांचे दोन पेपर. शिवाय 2013 पासून सामान्य अध्ययनाचा चौथा पेपर नीतिशास्त्राचा आहे, तोही 250 गुणांचा, आणि उत्तरं मराठीत लिहिता येतात. त्या पेपरात पेचप्रसंग देतात आणि विचारतात, या अधिकाऱ्यानं काय करावं आणि का? त्या 'का'ची सवय तिला असेल. तरीही पदवीनंतर पुण्यात खोली घेऊन फक्त हीच परीक्षा, असं करू देऊ नका. तेही ओलं लाकूडच.

तिला संशोधनाचीच ओढ असेल तर अडवू नका, पण हिशेब आधी करा. नेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षेत जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना 37,000 रुपये मिळतात. जेआरएफला वयाची अट असते, म्हणून मधली वर्षं वाया घालवू नयेत. आयआयटी मुंबईतही तत्त्वज्ञानात पीएचडी होते, हे अनेक पालकांना ऐकूनही खरं वाटत नाही.

एक दार कमी लोकांना माहीत आहे. रुग्णांवर नव्या औषधांच्या चाचण्या घ्यायच्या तर नैतिकता समितीची मंजुरी लागते. 2019 च्या नियमांत त्या समितीवर कोण असावं हे सांगताना डॉक्टर आणि कायदेतज्ज्ञाच्या जोडीला सामाजिक कार्य, नीतिशास्त्र वा तत्त्वज्ञानाकडून येणाऱ्या सदस्याचीही जागा ठेवली आहे. ही पगाराची नोकरी नव्हे. पण वैद्यकीय नीतिशास्त्र या क्षेत्रात तिच्यासारख्यांना जागा आहे, आणि मुंबईतून त्या विषयाचं एक नियतकालिकही निघतं.

संपादन, कोशकार्य, भाषांतर यांची कामंही आहेत. तुमच्याच वाईत मराठी विश्वकोशाचं काम उभं राहिलं, आणि त्याचे प्रमुख संपादक लक्ष्मणशास्त्री जोशी हे न्यायशास्त्र शिकलेले 'तर्कतीर्थ' होते. एकदा तिला तिथे घेऊन जा.

आता यंदाचं काम. मायनर विषय अजून बदलता येत असेल तर अर्थशास्त्र किंवा राज्यशास्त्र घ्यावं. इंग्रजी वाचन रोज, न चुकता. आणि आठवड्याला एक पान लिखाण: वर्तमानपत्रातला एखादा अग्रलेख घ्यायचा, त्यातला मुख्य दावा एका वाक्यात मांडायचा, आणि तो कुठे तुटतो ते दाखवायचं. ते पान तिनं तुम्हाला वाचून दाखवावं, आणि न कळलेलं वाक्य तुम्ही तिला बदलायला लावावं. अवघड गोष्ट सोपी करून सांगणं तिला वकिलीत, परीक्षेत, वर्गात, सगळीकडेच लागणार आहे.

शेवटच्या वर्षाची दिवाळी येईपर्यंत तिनं दोन वाटा निवडाव्यात, एक आवडीची आणि एक आधाराची.

हे पत्र तिलाही वाचायला द्या. माझ्या मांडणीत कुठे ओलं लाकूड सापडलं तर तिनं मला जरूर कळवावं.