कुणी 'खात्यापित्या घरची दिसतेस' म्हटलं तर ते कौतुक समजायचं की टोमणा?

तुम्ही लिहिलंय की ऑफिसातल्या एक बाई तुम्हाला असं म्हणाल्या आणि तुम्हाला उत्तरच सुचेना. मला पण सुचलं नव्हतं.

माझ्या बघण्याच्या कार्यक्रमात पोह्यांची डिश पुढे केली तर मुलाची मावशी माझ्या दंडाकडे बघून म्हणाली, "मुलगी खात्यापित्या घरची दिसते हो", आणि बरोबरच्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. आई खाली बघत बसली. आजी तेवढी आतून उठून आली आणि म्हणाली, "दिसते कशाला, हायेच. बहात्तरच्या दुष्काळात गाव खडी फोडत हुतं, सुकडीवर आन मिलोच्या लाल भाकरीवर दिवस काढत हुतं, तवा आमच्या पेवातली ज्वारी निघाली ती आधी शेजारी गेली, मग आमच्या चुलीवर चढली. त्याला खातंपितं घर म्हणत्यात."

(सुकडी म्हणजे दुष्काळी कामावर मिळणारं कोरडं खाणं, मिलो म्हणजे तेव्हा परदेशातून आलेली लाल ज्वारी.) आम्ही मंगळवेढ्याकडचे, तिकडे घर कसंय हे पेवातल्या, म्हणजे जमिनीखालच्या कोठारात पुरलेल्या ज्वारीवरनं कळायचं, अंगावरच्या मांसावरनं नाही. १९७२ ला ज्याच्या पेवात दाणा होता तो खातापिता, मग तो स्वतः काडीसारखा का असेना.

आणि व्याकरण बघा ना, 'खात्यापित्या' हे सामान्यरूप 'घरची' मधल्या घराचं आहे, मुलीचं नाही! मुलीबद्दल बोलायचं तर 'खातीपिती पोरगी' म्हणतात, म्हणजे धडधाकट, 'चांगली खातीपिती पोरगी अचानक आजारी पडली' असं. जाड म्हणायचंय तर जाड म्हणा, गुटगुटीत म्हणा, घराचा शब्द माणसाच्या अंगावर टाकू नका. आणि 'पित्या' म्हणजे दारू नव्हे, दूध-ताक. दारू-मटणवाला तो 'खाणारा-पिणारा', तो शब्दच वेगळा. 'सुखवस्तू' ही 'खात्यापित्या'च्या वरची पायरी, तिथे शिल्लक पण पडते.

ते स्थळ गेलं. माझा मोठा भाऊ आजही म्हणतो की आजीने घालवलं, त्या बाई कौतुकच करत होत्या. दादा, तू हे वाचशीलच, कौतुक करणारी बाई आधी दंड बघत नाही आणि बरोबरच्या हसत नाहीत. आजी बरोबर होती.

तुमच्या ऑफिसातल्या बाईंचं मला माहीत नाही, खरंच चांगल्या मनाने म्हणाल्या असतील, विदर्भ-कोकणात वापर थोडा वेगळा पण असेल. पण त्या तेव्हा तुमच्या डोळ्यांत बघत होत्या की पोटाकडे, तेवढं आठवून बघा.